खांद्याजवळचा अस्थिभंग : कारणे, लक्षणे आणि घरच्यांची जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक सभेत अस्थिरोग विभागाच्या वतीने दिलेले व्याख्यान)



 रुग्णसंख्येचे व जमाखर्चाचे तक्ते अहवालात आपण पाहणारच आहात. त्यांच्या जोडीला एकाच इजेविषयी जरा सविस्तर बोलावे, असे मी ठरविले आहे. ती इजा म्हणजे दंडाच्या हाडाचा खांद्याजवळ होणारा अस्थिभंग. हा विषय निवडण्याचे कारण असे की, या इजेचा शेवट कसा होणार हे बहुतेक वेळा शस्त्रक्रियागृहात ठरत नाही, ते घरात ठरते. पडल्यानंतरच्या पहिल्या दिवशी घरची माणसे काय करतात आणि पुढील सहा आठवडे ती किती चिकाटी दाखवितात, यावर त्या हाताचे भवितव्य अवलंबून असते.

मिरजेला वैद्यकसेवेची मोठी परंपरा आहे. १८८९ साली भारतात आलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांचे रुग्णालय येथे १८९४ साली सुरू झाले. १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. अस्थिरोगशास्त्रापुरते बोलायचे, तर मिरजेचे अस्थिशल्यतज्ज्ञ डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी संपादित केलेला अस्थिरोग व अपघातशल्य या विषयावरील बृहद्ग्रंथ १९९९ साली प्रसिद्ध झाला आणि देशभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती पडला. जत, तासगाव, कवठेमहांकाळच्या बरोबरीने सीमेपलीकडील अथणी, चिकोडीकडचे रुग्णही विश्वासाने मिरजेची वाट धरतात. इतके सारे जवळ असूनही खांद्याजवळचे मोडलेले हाड आमच्यापर्यंत अनेकदा उशिरा येते. "मुका मार असेल", "खांदा लचकला असेल", "चार दिवस चोळले की बसेल" अशा समजुतीत ते दिवस निघून जातात. म्हणून ही इजा का होते आणि ती कशी ओळखावी, हे प्रत्येक घरात ठाऊक असणे आवश्यक आहे.

खांद्याची रचना

दंडात एकच लांब हाड असते. त्यास भुजास्थी म्हणतात. इंग्रजी नाव ह्यूमरस. त्याच्या वरच्या टोकाला चेंडूसारखा गोल भाग असतो आणि तो पाठीमागच्या फऱ्याच्या हाडावरील एका लहानशा खळग्यात टेकलेला असतो. खुब्याचा सांधा पाहिला, तर तो उखळासारखा खोल असतो. खांद्याचा सांधा मात्र पळीत ठेवलेल्या लिंबासारखा असतो. खळगा उथळ आणि चेंडू मोठा, त्यामुळेच आपला हात चहूबाजूंनी फिरतो. शरीरातील दुसऱ्या कोणत्याही सांध्याला इतकी मोकळीक नाही. या मोकळिकीची किंमत म्हणजे या सांध्याला हाडांचा आधार कमी असतो. त्याची बरीचशी भिस्त भोवतालच्या स्नायूंवर असते.

गोलाच्या बाजूला दोन उंचवटे असतात. खांदा फिरविणारे चार स्नायू या उंचवट्यांना चिकटलेले असतात. उंचवट्यांच्या खाली हाड निमुळते होते. त्या भागास शल्यग्रीवा म्हणतात, कारण शल्यचिकित्सकांच्या वाट्याला हाच भाग वारंवार येतो. या ग्रीवेला वळसा घालून काखेतील एक मज्जातंतू जातो आणि जवळूनच हाताला रक्त पुरविणारी मोठी रोहिणीही जाते. हाड मोडले असता या दोघांची चौकशी आधी का करावी लागते, हे यावरून लक्षात येईल.

बॉस्टनचे शल्यचिकित्सक डॉ. अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली खांद्यावरील आपल्या ग्रंथात एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले. लहानपणी या हाडाचे वरचे टोक वेगवेगळ्या भागांत वाढते आणि मोठेपणी ते भाग सांधले जातात. मोठेपणी हाड मोडते तेही बहुधा याच जुन्या सांधरेषांवरून, आणि म्हणून त्याचे तुकडे साधारणपणे चारच प्रकारचे होतात : गोल, दोन उंचवटे आणि खालचा दांडा. १९७० साली न्यूयॉर्कचे डॉ. चार्ल्स नीर यांनी याच आधारावर वर्गीकरण मांडले. तुकडा एक सेंटिमीटरहून अधिक सरकला असेल किंवा ४५ अंशांहून अधिक कलला असेल, तरच त्यास 'सरकलेला' म्हणावे, असा नियम त्यांनी घालून दिला. तो आजही वापरात आहे.

हाड का मोडते?

प्रौढ व्यक्तींच्या एकूण अस्थिभंगांपैकी सुमारे पाच टक्के अस्थिभंग या जागी होतात. वृद्धांमध्ये खुबा आणि मनगट यांच्या पाठोपाठ याचाच क्रमांक लागतो, आणि पुरुषांच्या मानाने स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण दुप्पट ते तिप्पट असते. कारणे मात्र वयोमानानुसार निरनिराळी असतात.

सर्वांत मोठा गट साठी ओलांडलेल्यांचा. यांच्या बाबतीत कारण विचारले, तर ते अगदी किरकोळ वाटते. न्हाणीघरातील ओल्या शहाबादी फरशीवर पाय घसरला, उंबरठ्याला ठेच लागली, पहाटे अंधारात उठताना तोल गेला. उभ्या उंचीवरून झालेली एवढीशी पडझड तरुणाच्या हाडास सहसा काही करीत नाही. मग वृद्धाचेच हाड का मोडते? याचे उत्तर हाडाच्या आत आहे.

आपल्या मिरजेत तंतुवाद्ये घडविणाऱ्यांच्या दुकानात सतारीसाठी आणलेले वाळके भोपळे आपण पाहिले असतील. बाहेरून कवच टणक, पण आतला गर सुकून गेलेला. कारागीर तो भोपळा अतिशय जपून हाताळतो, कारण धक्का लागला तर तडा जातो. भुजास्थीच्या वरच्या टोकाचे उतारवयात काहीसे असेच होते. तरुणपणी त्याचा आतला भाग जाळीदार पण दाट असतो. वयोमानाने, विशेषतः स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर, ही जाळी विरळ होत जाते. हीच अस्थिविरळता, बोलीभाषेत हाडांचा ठिसूळपणा. तिचे वैशिष्ट्य असे की ती दुखत नाही आणि वरून दिसतही नाही. बाह्य आकार तसाच राहतो आणि आतली भर सरत जाते.

आहारातील कॅल्शियमची व 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता, दीर्घकाळ बैठे जीवन, लवकर आलेली रजोनिवृत्ती किंवा काही कारणाने अंडकोश काढून टाकणे, धूम्रपान, अतिमद्यपान आणि दमा किंवा संधिवातासाठी वर्षानुवर्षे घेतलेली स्टेरॉइड औषधे यांमुळे ही झीज वाढते. आपल्याकडे ऊन भरपूर आहे, म्हणून 'ड' जीवनसत्त्व कमी पडणार नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु घरात वावरणाऱ्या व अंगभर वस्त्रे नेसणाऱ्या वृद्ध स्त्रियांच्या त्वचेपर्यंत ते ऊन फारसे पोहोचत नाही.

ठिसूळ हाड आपणहून मोडत नाही. त्याला पडण्याचे निमित्त लागते. मोतीबिंदूने अधू झालेली दृष्टी, रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे उठताना येणारी भोवळ, झोपेच्या गोळ्यांची गुंगी, मधुमेहात पायांची हरपलेली संवेदना किंवा एकाएकी घटलेली साखर, गुडघ्यांचा अशक्तपणा, कंपवात ही त्या पडण्यामागची कारणे असतात. पन्नाशीतील स्त्री पडताना चटकन हात पुढे करते, म्हणून तिचे मनगट मोडते. पुढे वय वाढले की ती चपळाई राहत नाही, माणूस थेट कुशीवर व खांद्यावर पडतो आणि सारा भार भुजास्थीच्या टोकावर येतो. म्हणजेच खांद्याजवळचे हाड मोडणे ही दोन गोष्टींची एकाच वेळी मिळालेली खबर आहे : हाड ठिसूळ झाले आहे आणि तोल सावरेनासा झाला आहे.

दुसरा गट तरुणांचा. त्यांचे हाड मजबूत असते, त्यामुळे ते मोडण्यास जबर आघात लागतो. दुचाकीचा अपघात, उसाने भरलेल्या ट्रॉलीवरून पडणे, झाडावरून किंवा बांधकामाच्या परातीवरून कोसळणे ही कारणे आमच्याकडे येतात. अशा रुग्णात खांद्याबरोबर डोके, मान, छाती व बरगड्या यांची तपासणी अनिवार्य असते. दुखणाऱ्या खांद्याकडे पाहताना न दुखणारी पण जिवावरची इजा नजरेआड होता कामा नये.

याच गटात शेतकरी कुटुंबांनी ध्यानात ठेवावे असे एक कारण आहे. ओल्या हातांनी पाण्याची मोटर सुरू करताना विजेचा जोराचा धक्का बसला किंवा कुणाला फेफऱ्याचा झटका आला, तर सर्व स्नायू एकदम आकसतात आणि त्या आकसण्याच्या जोरानेच चेंडू खळग्यातून मागे निसटतो. कधी त्याबरोबर हाडही मोडते, आणि क्वचित दोन्ही खांदे एकाच वेळी दुखावतात. रुग्ण कोठेही पडलेला नसतो, म्हणून हाडाचा संशय कुणास येत नाही. समोरून काढलेले क्ष-किरण चित्रही पुष्कळदा फसवे असते. विजेच्या धक्क्यानंतर किंवा झटक्यानंतर हात आतल्या बाजूस वळून राहिला असेल आणि बाहेरच्या बाजूस मुळीच वळत नसेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

तिसरा गट मुलांचा. भुजास्थीच्या लांबीची सुमारे ऐंशी टक्के वाढ वरच्या टोकाकडून होते. तेथील वाढीचा पट्टा हाच मुलांमधील नाजूक भाग असतो. निसर्गाने मुलांना भरून निघण्याची विलक्षण ताकद दिली आहे, त्यामुळे बरेच सरकलेले हाडही पुढे आपोआप सरळ होते. अवघड प्रसूतीनंतर नवजात बालक एक हात हलवीत नसेल, तर मज्जातंतूच्या इजेबरोबर या अस्थिभंगाचाही विचार करावा लागतो. दिवसेंदिवस अतिरेकी गोलंदाजी करणाऱ्या किशोराचा खांदा दुखू लागला, तर वाढीच्या पट्ट्यावर ताण आला असण्याची शक्यता असते.

सरतेशेवटी एक इशारा. चेंडू फेकताना किंवा कूस बदलताना, म्हणजे कारणाच्या मानाने फारच सहज हाड मोडले, तर त्या जागी आधीपासून आजार असू शकतो. मुलांमध्ये तो बहुधा हाडातील साधी, कर्करोगाशी संबंध नसलेली पाण्याची गाठ असते. प्रौढांमध्ये मात्र स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड, थायरॉइड किंवा प्रोस्टेट यांच्या कर्करोगाचा प्रसार तेथे झालेला नाही ना, हे पाहावे लागते. पूर्वी असा आजार होऊन गेला असेल, तर तो सांगण्यास संकोच करू नये.

लक्षणे कशी ओळखावीत?

या इजेचा रुग्ण दारातून आत येतो तेव्हाच बहुधा ओळखू येतो. दुखावलेला हात त्याने छातीशी घट्ट धरलेला असतो आणि दुसऱ्या हाताने कोपराला खालून आधार दिलेला असतो. "पाय घसरला आणि खांद्यावरच पडले बघा, डॉक्टरसाहेब," एवढे सांगतानाही श्वास अडतो, कारण छाती हलली तरी कळ येते. खांदा सुजतो, दाबल्यास असह्य दुखते, हात वर किंवा बाजूला नेता येत नाही. हलविताना आत करकर जाणवते. परंतु ती करकर मुद्दाम हलवून पाहणे हा क्रूरपणा आहे आणि धोक्याचेही आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "हात थोडा हलतो आहे, म्हणजे हाड मोडलेले नाही," असे घरोघर म्हटले जाते. हे खरे नाही. पुष्कळदा मोडलेले तुकडे एकमेकांत रुतून बसतात. मग वेदना बेताची असते, हात थोडाफार हलतो आणि बोटे तर व्यवस्थित चालतात. स्मरणशक्ती क्षीण झालेल्या वृद्धांना आपण पडलो होतो हेही आठवत नाही. म्हणून साठीनंतर पडून खांदा दुखत असेल, तर हात हलो वा न हलो, क्ष-किरण चित्र काढावेच.

दुसरे लक्षण घरच्या मंडळींना फार घाबरविते. पडल्यानंतर एक-दोन दिवसांनी दंडावर, छातीच्या बाजूला आणि कोपरापर्यंत काळे-निळे डाग पसरतात. पहिल्या दिवशी काहीच नव्हते आणि आता अर्धे अंग काळे पडले, असे पाहून "रक्त नासले", "आतून सडले" अशी भीती वाटते. वस्तुतः मोडलेल्या हाडातून झिरपलेले रक्तच गुरुत्वाकर्षणाने त्वचेखालून खाली उतरत असते. ते पुढे हिरवट, मग पिवळसर होते आणि दोन-तीन आठवड्यांत नाहीसे होते. डाग कितीही विस्तृत दिसले तरी तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. मात्र रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल, तर ते डॉक्टरांना कळविणे जरूर आहे.

ज्या लक्षणांकडे क्षणाचाही विलंब न लावता पाहावे, ती निराळी आहेत. हाताचा पंजा थंड व पांढरा पडणे, बोटांत मुंग्या येऊन ती बधिर होणे, काखेत वेगाने वाढणारी सूज येणे ही रक्तवाहिनीच्या इजेची चिन्हे असू शकतात. अशा वेळी मनगटाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये, कारण खांद्याभोवतीच्या लहान वाहिन्यांतून रक्त फिरून आल्याने नाडी लागू शकते. सदऱ्याच्या बाहीचा वरचा भाग जेथे येतो, तेथील त्वचा बधिर झाली असेल, तर काखेतील मज्जातंतू ताणला गेला असण्याची शक्यता असते. हा मज्जातंतू बहुतेकांत काही महिन्यांत आपोआप सुधारतो. जखम होऊन हाड बाहेर दिसणे, श्वास घेण्यास त्रास होणे किंवा पडण्यापूर्वी शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही असल्यास रुग्णालय गाठण्यात वेळ दवडू नये.

घरी करावयाचे आणि टाळावयाचे

पडल्यानंतर हात आहे त्याच स्थितीत छातीशी घ्यावा आणि स्वच्छ पंचाची किंवा ओढणीची झोळी करून गळ्यात अडकवावा. काखेत मऊ कापडाची घडी ठेवावी. अंगठी आणि बांगड्या लगेच काढाव्यात. हे सांगताना मला वृद्ध सुवासिनींच्या मनाची कल्पना आहे. काचेच्या बांगड्या वाढविण्यास त्या तयार होत नाहीत, घरच्यांनाही ते बरे वाटत नाही. परंतु काही तासांतच पंजा सुजतो आणि मग त्याच बांगड्या मनगटात रुततात. हिरव्या बांगड्या दुसऱ्या हातात असू द्याव्यात. या हातातील मात्र काढाव्यात. हात बरा झाल्यावर त्या पुन्हा भरता येतात.

चोळणे, शेकणे, तेल लावून ओढणे आणि बांबूच्या कामट्यांनी घट्ट आवळणे या चार गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. हाडे बसविण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत हाड मोडणे आणि सांधा निखळणे हे दोन वेगळे प्रकार मानले आहेत आणि मोडलेल्या हाडाचे बारा व निखळलेल्या सांध्याचे सहा भेद वर्णिले आहेत. त्या परंपरेविषयी आदर बाळगूनही हे सांगणे भाग आहे की, क्ष-किरण चित्राशिवाय खांदा ओढल्यास नीट रुतून बसलेले तुकडे सुटतात आणि जवळून जाणारी वाहिनी किंवा मज्जातंतू दुखावण्याचा धोका असतो.

उपचारांविषयी थोडेसे

रुग्णालयात किमान दोन-तीन दिशांनी क्ष-किरण चित्रे काढली जातात. गुंतागुंत वाटल्यास सीटी स्कॅन केला जातो. त्यानंतर नातेवाईकांचा पहिला प्रश्न असतो, "ऑपरेशन करावे लागेल का?" बहुसंख्य रुग्णांत त्याचे उत्तर 'नाही' असे आहे. तुकडे फारसे सरकलेले नसतात आणि या भागाला रक्तपुरवठा चांगला असल्याने हाड सांधते. ब्रिटनमध्ये २५० रुग्णांवर झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सरकलेल्या तुकड्यांच्या बहुतांश प्रकारांतही शस्त्रक्रिया केलेले व न केलेले रुग्ण यांच्या हाताच्या उपयुक्ततेत दोन वर्षांनंतर लक्षणीय फरक आढळला नाही. सांधा निखळलेला असेल, गोलाचेच दोन भाग झाले असतील, रक्तवाहिनी दुखावली असेल, उघडी जखम असेल किंवा तरुण रुग्णात तुकडे फार सरकले असतील, तर शस्त्रक्रिया आवश्यक ठरते. क्वचित वृद्धांत सांधा बदलावाही लागतो. तेव्हा "ऑपरेशन केले नाही म्हणजे उपचार केले नाहीत" असे समजू नये. वाळक्या भोपळ्यात खिळा पक्का बसत नाही, ही अडचण शल्यचिकित्सकालाही असते.

शस्त्रक्रिया न करता बरे होणे म्हणजे स्वस्थ पडून राहणेही नव्हे. खांदा हा फार लवकर आखडणारा सांधा आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका अभ्यासात, तुकडे फारसे न सरकलेल्या रुग्णांपैकी ज्यांचे व्यायाम पहिल्या आठवड्यातच सुरू झाले, त्यांना तीन आठवडे हात बांधून ठेवलेल्यांपेक्षा वेदना कमी राहिल्या आणि हात लवकर चालू लागला. अर्थात, केव्हा सुरुवात करायची हे डॉक्टरांनी चित्र पाहून ठरवायचे असते. बोटे, मनगट आणि कोपर यांची हालचाल मात्र पहिल्या दिवसापासून करावयाची असते. पुढे कमरेत वाकून हात सैल सोडायचा आणि जात्याच्या फेऱ्याप्रमाणे लहान वर्तुळात फिरवायचा; काही आठवड्यांनी भिंतीवर बोटांनी वर वर चढत जायचे. रात्री आडवे झाल्यास कळ वाढते, म्हणून पहिले काही आठवडे तक्क्याला टेकून अर्धवट बसूनच झोपावे. साधारण सहा आठवड्यांत हाड सांधते, तीन महिन्यांत हातात बळ येऊ लागते आणि वर्षभर सुधारणा होत राहते.

या व्यायामाला रोज दहा-पंधरा मिनिटे तीन-चार वेळा कुणीतरी सोबत बसावे लागते. ते घडले नाही, तर हाड सांधूनही हात खांद्याच्या वर जात नाही. मग त्या आजीला स्वतःचा अंबाडा घालता येत नाही, पदर खांद्यावर नीट घेता येत नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही, दोन हात जोडून कपाळापर्यंत नेता येत नाहीत. क्ष-किरण चित्रात हे काहीच दिसत नाही. पण आयुष्यभर स्वतःचे स्वतः करणाऱ्या माणसाला प्रत्येक गोष्टीसाठी "अगं, जरा बघतेस का" म्हणावे लागणे, हे मोडलेल्या हाडापेक्षा अधिक बोचते. "आता वयच झाले, चालायचेच," हे वाक्य आपण घरातून हद्दपार केले पाहिजे.

हाडाने दिलेली पहिली सूचना

आता मी आजच्या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. अमेरिकेतील आठ हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांच्या पाहणीवर आधारित एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे खांद्याजवळचे हाड मोडले, त्यांना पुढील पहिल्याच वर्षात खुब्याचे हाड मोडण्याचा धोका इतरांच्या पाचपटींहून अधिक असल्याचे त्यात दिसून आले. खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे येथे बसलेल्या अनेक कुटुंबांनी अनुभवले आहे. बहुतेकांना मोठी शस्त्रक्रिया, दीर्घ अंथरूण, आणि कितीतरी वृद्धांच्या बाबतीत पूर्वीसारखे पुन्हा चालता न येणे.

म्हणजे खांद्याचे हाड मोडते तेव्हा खुबा वाचविण्याची संधीही आपल्या हाती येते. दुर्दैवाने बहुतेक घरांत हात गळ्यातून सुटला की प्रकरण संपले असे मानले जाते. माझी विनंती आहे की, ते तेथे संपवू नये. हाडांच्या घनतेची तपासणी करावी. साठीनंतर किरकोळ पडण्याने हाड मोडले असेल, तर तेवढ्यावरूनही ठिसूळपणाचे औषध सुरू करण्याचा विचार डॉक्टर करतात. दूध, दही, नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला यांना रोजच्या जेवणात स्थान द्यावे. 'ड' जीवनसत्त्वाची मात्रा वैद्यकीय सल्ल्याने घ्यावी. सुरू असलेल्या साऱ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांना दाखवाव्यात; भोवळ आणणारी एखादी गोळी कमी करता येते. डोळे तपासून घ्यावेत. डॉ. वानलेस यांचे नाव दूरदूर पोहोचले ते मुख्यतः मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांमुळे. मोतीबिंदू काढल्याने दृष्टी तर येतेच, शिवाय पडणेही कमी होते, म्हणजे हाडेही वाचतात.

आणि घराकडे एकदा त्या वृद्ध माणसाच्या नजरेने पाहावे. न्हाणीघरात भिंतीला एक लोखंडी दांडी, फरशीवर खरखरीत पट्टी, रात्री उशाशी हाती लागेल असे दिव्याचे बटण, वाटेतील सैल सतरंजी उचलून ठेवणे, पायांत घट्ट बसणारी चप्पल आणि जरूर तर हातात काठी. या सगळ्याचा खर्च एका शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे नगण्य आहे. काठी घेण्यात कमीपणा नाही. काठी घेऊन चालणारा माणूस स्वतःच्या पायांवर चालत असतो.

देणगीदार मित्रांना एकच सांगतो. इमारत, यंत्रे आणि खाटा यांसाठी आपण दिलेले द्रव्य डोळ्यांना दिसते. व्यायाम शिकविणाऱ्या भौतिकोपचारतज्ज्ञाचा वेळ, जतच्या एखाद्या वाडीवरून फेरतपासणीसाठी येणाऱ्या आजीचे बसभाडे, वर्षभराची हाडांची औषधे या गोष्टी छायाचित्रात येत नाहीत. परंतु हात पुन्हा डोक्यापर्यंत पोहोचतो तो त्यांच्यामुळेच, आणि खुबा शाबूत राहतो तोही त्यांच्यामुळेच. आगामी वर्षाच्या नियोजनात विश्वस्त मंडळाने या न दिसणाऱ्या खर्चांसाठी वेगळी तरतूद करावी, अशी विभागाच्या वतीने माझी नम्र विनंती आहे.

कुटुंबीयांनी आज घरी गेल्यावर आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना दोनच प्रश्न विचारावेत : गेल्या वर्षभरात आपण कधी पडलात का, आणि उठताना भोवळ येते का? पडल्याचे ते सहसा आपणहून सांगत नाहीत. मुलांना काळजी नको, म्हणून लपवितात. उत्तर 'होय' असे आले, तर हाड मोडण्याची वाट न पाहता त्यांना तपासणीसाठी घेऊन यावे.